धर्माचा रकाना आणि रविवारची मंडळी

गेली दोन-तीन वर्षे मराठवाड्यात जुन्या कागदाइतके मोल दुसऱ्या कशालाच राहिलेले नाही. 2023 साली अंतरवाली सराटीचे मराठा आरक्षणाचे आंदोलन राज्यभर पेटले. मग कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती आली, निजामकाळातली उर्दू आणि मोडी दफ्तरे बाहेर निघाली, आणि 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटबद्दलचा शासन निर्णय झाला. पणजोबाच्या नावापुढे काय लिहिले आहे यावर पणतूचे कॉलेज ठरते, हे इथल्या घराघराला पाठ झाले आहे. त्याच मराठवाड्यात एक समाज असा आहे की त्याच्या पणजोबाच्या नावापुढे जात स्वच्छ लिहिलेली आहे. ती जात कोणी नाकारत नाही. गाव तर मुळीच नाकारत नाही. तरीही तो कागद त्याच्या कामाला येत नाही, कारण मधल्या पिढीत कोणीतरी बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती झाले.

मी त्या समाजातला आहे. रविवारी ज्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी बसतो तिथली बहुतेक घरे मांग आणि महार वस्तीतून आलेली आहेत. त्यामुळे हे लिहिणे बाहेरच्या वाचकांसाठी आहे आणि तितकेच आपल्या माणसांसाठीही. ख्रिस्ताच्या मागे जाण्याला किंमत पडते. ती त्याने स्वतः आधीच सांगून ठेवली आहे आणि तिच्यात घासाघीस करण्याचा आपल्याला हक्क नाही. पण तिच्यावर आणखी एक किंमत या देशाच्या कायद्याने लावली आहे. ती अन्यायाची आहे आणि तिच्याविरुद्ध उघड बोलले पाहिजे. जोवर ती रद्द होत नाही तोवर ती एकेकट्या घरावर न टाकता सगळ्या मंडळीने मिळून भरली पाहिजे. आज आपण यातले काहीच करत नाही. आपण लपतो, आणि लपण्याला शहाणपण म्हणतो.

आधी पहिल्या किमतीबद्दल. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात चौदाव्या अध्यायात प्रभू येशू विचारतो की बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करणार नाही काय? हे तो कुठे बोलला ते बघण्यासारखे आहे. त्याच्याबरोबर मोठा लोकसमुदाय चालला होता आणि त्या गर्दीकडे वळून त्याने हे सांगितले. माणसे जमलेली असताना त्यांना परत फिरवणारे शब्द कुठलाही पुढारी काढत नाही. प्रभूने ते काढले, म्हणून मला त्याच्या बोलण्याचा भरवसा वाटतो.

आमच्याकडे हा हिशेब कसा लागतो ते सांगतो. गावची हलगी मांगांकडे. पोळा असो, वरात असो, मयत असो की देवीची जत्रा, पुढे हलगी हवीच. आमच्या ओळखीत एक आजोबा होते, आता ख्रिस्तवासी झाले. बाप्तिस्मा झाल्यावर त्यांनी जत्रेत देवीपुढे वाजवायचे थांबवले. वाद्याशी त्यांचे वैर नव्हते. नाताळच्या रात्री मंडळीच्या अंगणात ते जाळ करायचे, हलगीचे कातडे त्यावर धरून फिरवायचे, बोटाने टिचकी मारून कानाशी न्यायचे, पुन्हा जाळावर धरायचे. आवाज मनासारखा चढला की मगच भजनाला सुरुवात. जत्रेला नाही म्हटले म्हणून गावाने त्यांच्या अंगाला हात लावला नाही. फक्त त्या सुगीला खळ्यावरून त्यांच्या पदरात काही पडले नाही. पुढच्या सुगीलाही नाही. शेवटी सालगडी म्हणून राहायला त्यांनी दुसरे गाव धरले. याला ते अन्याय म्हणत नसत. ‘हे ठरवूनच पाण्यात उतरलो होतो’, एवढेच म्हणायचे.

ही ती पहिली किंमत. ती आजही चालू आहे, रूपे बदलली आहेत. बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याला, म्हणजे तोडणीच्या जोडप्याला, रविवार नसतो. मुकादमाची उचल अंगावर असते आणि फड पडेपर्यंत उसंत नसते. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे कित्येक घरांचा नाताळ कारखान्याच्या तळावर, कोपीत होतो. भावकीतल्या लग्नात देवकाला बसायचे नाही, जागरण-गोंधळाला वर्गणी द्यायची नाही, दारू पाजायची नाही, असे ठरवले की सोयरीक जुळायला वर्षे लागतात. धान्याच्या दुकानात माप मारायचे नाही म्हटले की भागीदार सोडून जातो. ग्रामपंचायतीच्या कामात टक्का घ्यायचा नाही म्हटले की पुढचे काम मिळत नाही. ख्रिस्ताचे नाव लावून हे सारे करणारे लोक आपल्यात आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही. जे खरोखर चालू पाहतात त्यांच्याबद्दल लिहितो आहे, आणि या किमतीबद्दल त्यांची तक्रार नसते.

जालन्याच्या आसपास ख्रिस्ती मंडळीचा इतिहास ज्यांच्या नावाशी जोडलेला आहे ते रेव्हरंड नारायण शेषाद्री जन्माने ब्राह्मण. 1843 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अजून लहान होता. तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता, त्यावरून कोर्टकचेरी झाली आणि कोर्टाने मुलाला आईबापांच्या ताब्यात दिले. मग त्याला जातीत परत घ्यायचे की नाही यावर मुंबईत रान उठले. बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनाही त्याचा त्रास सोसावा लागला. नारायणराव मात्र परतले नाहीत. पुढे ते निजामाच्या मुलखात आले, जालन्याला काम केले, जवळ बेथेल नावाचे गाव वसवले. घर, जात, नातीगोती यांची किंमत त्यांनी भरली.

पण त्या काळच्या सरकारने एक गोष्ट केली. धर्म बदलला किंवा जातीबाहेर टाकले म्हणून कोणाचा मालमत्तेचा आणि वारशाचा हक्क जाणार नाही, असा कायदा कंपनी सरकारने आपल्या मुलखात 1850 साली केला. राज्य परक्यांचे होते आणि त्यांचे हेतू सगळे निर्मळ होते असे मी म्हणणार नाही. तरी तत्त्व नीट होते: माणसाने देवाशी काय बोलावे हे त्याचे त्याने ठरवावे, त्यापायी त्याचा नागरी हक्क कापू नये.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, आपल्याच प्रजासत्ताकात, 10 ऑगस्ट 1950 ला अनुसूचित जातींबद्दलचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने सांगितले की हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. 1956 मध्ये त्यात शिखांची भर पडली. 1990 मध्ये बौद्धांची पडली. महाराष्ट्राने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती त्याआधीच दिल्या होत्या. आमच्या शेजारच्या, बहुतेक वेळा आमच्याच रक्ताच्या, बौद्ध घरांना तो न्याय मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे. ज्या मराठवाड्यात 1978 साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला म्हणून दलितांची घरे जळाली, तिथे धम्म स्वीकारल्याने जात मागे सुटत नाही हे वेगळे सिद्ध करायची गरजच नव्हती. प्रश्न इतकाच की धम्म स्वीकारल्याने ती सुटत नसेल, तर बाप्तिस्म्याने ती सुटते हे कोणी ठरवले?

यावर नेहमी एक उत्तर मिळते: ‘तुमच्या धर्मात जात नाही ना, मग सवलत कशाला?’ आमच्या धर्मात जात नाही हे खरे आहे. शीख पंथातही नाही, बौद्ध धम्मातही नाही. आणि आदिवासी ख्रिस्ती झाला तरी अनुसूचित जमातीचाच राहतो, कारण जमातींच्या आदेशात धर्माची अटच नाही. जात प्रार्थनेत राहत नाही, ती गावाच्या नकाशात राहते. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचे घर आहे तिथेच असते, गावकुसाच्या त्याच बाजूला, त्याच नळावर, त्याच मसणवट्याच्या वाटेवर. त्याला ज्या नावाने हाक मारतात तीही बदलत नाही.

सर्वोच्च न्यायालयात हा प्रश्न 1985 साली सूसाई या माणसाच्या निमित्ताने आला. मद्रासला रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवणारा चांभार. आदि-द्रविड समाजातून आलेला, धर्माने ख्रिस्ती. सरकारने रस्त्यावर बसणाऱ्या चांभारांना फुकट टपऱ्या दिल्या. त्याच्या शेजारी बसणाऱ्यांना मिळाल्या, त्याला नाही. न्यायालयाचे म्हणणे पडले की धर्म बदलल्यावरही जातीचे जाच तितक्याच तीव्रतेने टिकून आहेत हे दाखवायला पुरेसा पुरावा समोर नाही. त्याच रस्त्यावर, तीच आरी घेऊन, त्याच कामाला बसलेला माणूस हा स्वतःच पुरावा होता, असे मला वाटते. पुढे रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये शिफारस केली की अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करावा. ती फाईल पुढे सरकली नाही. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात याचिका आहे. 2022 च्या ऑक्टोबरात न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला, त्याला दोन वर्षांची मुदत दिली आणि ती मुदत वाढवत नेली. एवढ्या काळात आमच्या मंडळीतली बाळे पदवीधर झाली.

आता मराठवाड्यातल्या एका घरापुरते याचा अर्थ काय होतो ते बघू. राज्यात अनुसूचित जातींना 13 टक्के आरक्षण आहे. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्र इतर मागासवर्गात धरतो. तिथे 19 टक्के आहे, पण रांगेत पुढे जमीन असलेले, संघटना असलेले, पुढारी असलेले मोठमोठे समाज उभे. विधानसभेच्या 288 पैकी 29 जागा अनुसूचित जातींच्या, त्यांतली एकही लढवता येत नाही. रमाई घरकुल अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे, त्यामुळे शेजाऱ्याच्या घरावर स्लॅब पडतो आणि ख्रिस्त्याचे पत्र्याचेच राहते. या सगळ्याहून मला जास्त झोंबते ती 1989 च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची गोष्ट. शिवी देणारा धर्म विचारून शिवी देत नाही. पण पोलीस ठाण्यात फिर्याद लिहिताना धर्म विचारला जातो, आणि तिथे सत्य सांगितले की कायद्याचे संरक्षण संपते.

वारशाची तर फारशी कोणाला माहितीही नाही. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 26 व्या कलमाप्रमाणे, धर्म बदललेल्या माणसाला धर्मांतरानंतर झालेली मुले आपल्या हिंदू नातलगांचे वारस होऊ शकत नाहीत, वारसा खुला होताना ती स्वतः हिंदू असली तर गोष्ट वेगळी. म्हणजे बाप ख्रिस्ती झाला, पुढे मुलगा जन्मला, बाप आधी वारला आणि मग हिंदू राहिलेला आजोबा गेला, तर आजोबाच्या त्या दीड एकरावर नातवाचे नाव सातबाराला लागताना काका हे कलम काढू शकतो. 1850 च्या कायद्याने बापाला जे राखून ठेवले ते 1956 च्या कायद्याने लेकराकडून काढून घेतले.

‘आमिष दाखवून धर्मांतर’ हा आरोप ऐकला की मला हा सगळा हिशेब त्या माणसापुढे ठेवावासा वाटतो. कुठले आमिष? ज्या पाण्यात उतरल्यावर आरक्षण जाते, घरकुल जाते, अ‍ॅट्रॉसिटीचे संरक्षण जाते, मुलाचा वारसा धोक्यात येतो, त्यात माणूस कशाच्या लोभाने उतरेल? आमचे पूर्वज दुष्काळात मिशनच्या दारात गेले, हे मी लपवणार नाही. 1876 ते 78 आणि पुन्हा 1899-1900 चे दुष्काळ ज्यांनी अंगावर काढले त्यांना धान्य हवे होते, शाळा हवी होती, आणि आपल्या हातचे पाणी पिणारा माणूस हवा होता. भुकेल्या माणसाने भाकर देणाऱ्याचे ऐकून घेतले यात लाज वाटावी असे काही नाही. पण धान्य संपले, गोरे मिशनरी गेले, मिशनच्या नोकऱ्या आटल्या, 1950 चा आदेश आला, आणि तरीही लोक रविवारी बसतच राहिले. ते कशासाठी बसले याचे उत्तर आरोप करणाऱ्याने द्यावे.

इथवर लिहिले ते आमच्यातल्या कोणालाही पटेल. पुढचे पटणार नाही.

सत्य हे आहे की आमच्यातली फार मोठी संख्या कागदावर ख्रिस्ती नाही. घरात वधस्तंभ, गळ्यात वधस्तंभ, पोरांची नावे शमुवेल आणि रूथ, आणि शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू मांग’ किंवा ‘हिंदू महार’. तालुक्याच्या सेतू केंद्रात हे कसे घडते ते मी जवळून बघितले आहे. बारावी झालेली मुलगी, नर्सिंगला जायचे आहे, बाप शेजारी उभा. खिडकीतला पोरगा अर्ज भरताना मान वर न करता विचारतो, ‘धर्म?’ मुलीचे ओठ हलतात. बाप तिच्या आधी बोलतो, ‘हिंदू टाका.’ पोरगा टाकतो. मुलगी ओढणीच्या टोकाशी चाळा करत फरशीकडे बघत राहते. त्याच मुलीने मागच्या रविवारी मंडळीपुढे उभे राहून साक्ष दिलेली होती की काही झाले तरी मी प्रभूला नाकारणार नाही.

त्या बापाला मी दोष देणार नाही. त्याच्यापुढे फीचा आकडा होता आणि पाठीशी कोणी नव्हते. ज्या कायद्याने त्याला पोरीच्या देखत खोटे बोलायला लावले तो कायदा आधी दोषी आहे. पण मंडळी म्हणून आपल्याला मोकळे सुटता येणार नाही. पुष्कळ ठिकाणी हे पाळकाच्या सल्ल्याने चालते: ‘विश्वास ठेवा, पण नोंद नको’, ‘लग्न मंडळीत लावू, पण रजिस्टरवर सही नको’, ‘बाप्तिस्मा मुलीला नोकरी लागल्यावर बघू’. असे करता करता आपण एक पिढी अशी वाढवली आहे की जिला देवाशी खरे आणि कारकुनाशी खोटे बोलणे हे एकाच वेळी जमते. मुलाला वयाच्या सहाव्या वर्षी शिकवायचे की शाळेत कोणी विचारले तर काय सांगायचे, आणि सोळाव्या वर्षी त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा करायची, हे होणार कसे?

शिवाय हा आडोसा आता आडोसाही राहिलेला नाही. 26 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या सी. सेल्वराणी यांच्या प्रकरणात स्पष्ट निकाल दिला: धर्म ख्रिस्ती पाळायचा आणि आरक्षणासाठी हिंदू म्हणवायचे ही राज्यघटनेची फसवणूक आहे. निकाल कठोर आहे. ज्या अन्यायातून हे दुहेरी जगणे जन्मले त्याकडे तो बघत नाही, असे माझे मत आहे. पण व्यवहारात त्याचा अर्थ सरळ आहे. जात पडताळणी समितीपुढे कोणी तक्रार टाकली, मंडळीतल्या नाताळच्या कार्यक्रमाचा मोबाईलवरचा फोटो जोडला, की वैधता प्रमाणपत्र जाऊ शकते आणि त्यावर उभी असलेली नोकरीही. मग दहा-पंधरा वर्षे नोकरी झालेला माणूस मंडळीत यायचे थांबतो. गावच्या भांडणात, सरपंचकीच्या निवडणुकीत, भावकीच्या वादात हे हत्यार कोणीही काढू शकतो. भीतीने धरलेला माणूस कोणाच्याही तालावर नाचतो, आणि आपल्या समाजाची राजकीय किंमत शून्य असण्याचे एक कारण हेच आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्क्याच्या आत भरले. खरा आकडा आपणच लपवला, आता तो कोणाला दाखवणार? बालकृष्णन आयोगापुढे ‘आमच्यावर अन्याय होतो’ म्हणून उभे राहायला माणूस हवा, आणि ज्याच्या कागदावर हिंदू लिहिले आहे तो उभा राहू शकत नाही.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘हक्क मागणे हे ख्रिस्त्याचे काम नाही. सोसावे, प्रार्थना करावी.’ या विचाराचा मी आदर करतो, कारण तो म्हणणाऱ्यांनी खूप सोसले आहे. पण बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत प्रेषित पौलाचे फिलिप्पै शहरातले प्रकरण वाचावे. त्याला चौकशी न करता फटके मारले, तुरुंगात टाकले. रात्री तो गीते गात होता. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला की गुपचूप निघून जा. पौल गेला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, चौकशीशिवाय आम्हाला चारचौघांत मारले आणि आता चोरून घालवता काय? त्यांनी स्वतः यावे आणि आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने सुनावले. ते आले. रात्री स्तुती गाणारा आणि सकाळी नागरिकत्वाचा हक्क उघड मागणारा माणूस एकच होता, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटले नाही. त्याने रोमी म्हणवून घ्यायला ख्रिस्त लपवला नाही. आपण नेमके उलटे करतो: ख्रिस्त लपवून हक्क घेतो, किंवा ख्रिस्ताचे नाव सांगून हक्क सोडून देतो.

तेव्हा खरे लिहा, असे मी म्हणतो. पण हे वाक्य मंचावरून म्हणायला सोपे आहे, आणि म्हणणाऱ्याची पोरे बहुधा शिकून मोकळी झालेली असतात. ज्या बापाने खिडकीत ‘हिंदू टाका’ म्हटले त्याला उद्या ‘ख्रिस्ती’ लिहायला सांगायचे असेल तर त्याच्या पोरीच्या नर्सिंगच्या फीची जबाबदारी आधी घेतली पाहिजे. एकमेकांची ओझी वाहा असे पौलाने गलतीकरांना लिहिले ते दुःखात सांत्वन करा एवढ्यापुरते असते, तर त्याने त्याला ख्रिस्ताचा नियम म्हटले नसते. यरुशलेमेतली पहिली मंडळी जमिनी विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवत असे, आणि ज्याला जशी गरज तशी वाटणी होई. मराठवाड्यातल्या मंडळ्या जमिनी विकत नाहीत असे नाही. मिशनने ठेवलेल्या मोक्याच्या जागा कुठे गेल्या, कोणाच्या सहीने गेल्या, यावर कोर्टात किती दावे पडून आहेत हे आपल्याला चांगले माहीत आहे. तो पैसा वस्तीवरच्या पोरांपर्यंत आला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

दुसरे दुखणे आपल्या संस्थांचे. घटनेच्या 30 व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. त्या बळावर चालणाऱ्या शहरातल्या नावाजलेल्या शाळांत व्यापाऱ्यांची, डॉक्टरांची, अधिकाऱ्यांची मुले भरलेली असतात आणि ज्या समाजाच्या नावाने तो हक्क मिळाला त्याचे ऊसतोड्याचे पोर जिल्हा परिषदेच्या शाळेत, तेही अर्धे वर्ष. शाळा सगळ्यांसाठी खुल्या असाव्यात, हा मिशनचा चांगला वारसा आहे. पण प्रत्येक वर्गात काही जागा आणि वसतिगृहात काही खाटा अशा मुलांसाठी राखाव्यात की ज्यांनी दाखल्यावर खरे लिहिले आणि त्यापायी सरकारी सवलत गमावली. कायद्याने याला आडकाठी नाही. आडकाठी आपल्या मनात आहे, कारण वस्तीवरच्या ख्रिस्त्याला शहरातला ख्रिस्ती अजून आपला मानत नाही. महारांतून आलेली घरे मांगांतून आलेल्या घरांत मुलगी द्यायला कचरतात, हे आपल्या लग्नपत्रिका चाळल्या तरी कळते. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2016 साली दलितांबद्दलचे आपले धोरण जाहीर करताना चर्चमध्येच भेदभाव चालतो हे कबूल केले. असे कबूल करायला धैर्य लागते. आमच्या मंडळ्यांच्या सभेत हा विषय निघाला की कोणीतरी लगेच प्रार्थना सुरू करते.

खरे लिहिणाऱ्याने आपला दलित इतिहासही सोडू नये. 1 ऑगस्टला अण्णाभाऊ साठे जयंतीची मिरवणूक वस्तीतून निघते तेव्हा आपली माणसे दार लावून घेतात, हे मला कधीच पटले नाही. अण्णाभाऊ आपले आहेत. ज्या बापजाद्यांच्या दुःखातून ते लिहिते झाले त्याच दुःखातून आपले बापजादे मंडळीत आले. मिरवणुकीत पूजा असेल तर ती करू नका, चालायला काय हरकत आहे? आपण स्वतःच मांग-महार समाजाशी नाते तोडले तर उद्या आयोगापुढे कोणत्या तोंडाने म्हणणार की जात आम्हाला सुटलेली नाही? बौद्ध बांधवांशीही बोलले पाहिजे. 13 टक्क्यांत वाटेकरी वाढतील ही त्यांची भीती खोटी नाही, तिला ‘द्वेष’ म्हणून झटकता येणार नाही. दर्जा वाढवताना वाटाही वाढवावा ही मागणी आपण त्यांच्याबरोबर मिळून केली पाहिजे.

देशभरातल्या मंडळ्या 10 ऑगस्ट हा काळा दिवस पाळतात. आमच्या तालुक्यात तो सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. येत्या 10 ऑगस्टला निवेदन द्यायला तहसील कचेरीवर जायचे ठरवू, पण निवेदनाखाली सह्या करणाऱ्यांनी आपले खरे नाव आणि खरा धर्म लिहावा. त्याआधी मंडळीच्या वार्षिक सभेत शिक्षणाचे वेगळे खाते उघडावे. दशांशातला, म्हणजे विश्वासणारे उत्पन्नाचा जो दहावा भाग मंडळीला देतात त्यातला, दहावा हिस्सा त्यात टाकावा. घंटेसाठी आणि साउंड सिस्टीमसाठी देणग्या येतात तशा यासाठीही मागाव्यात. हिशेब दर महिन्याला फळ्यावर लिहावा. मिशनच्या जागांची भाडी त्यात वळवावीत. पहिल्या वर्षी त्या खात्यातून एका मुलीची फी भरली गेली तरी पुरे. खजिनदार म्हणतील, ‘एकीची भरली की दहा जण रांगेत येतील.’ येऊ द्यावेत. दहा घरे खरे लिहायला तयार झाली तर तेवढ्यासाठी पैसा गोळा करणे हे पाळकाचे, मंडळीच्या वडीलजनांचे आणि आमच्यासारख्या पगारदारांचे काम आहे, आणि त्याला लागणारा माझा पहिला हप्ता मी याच महिन्यात भरतो आहे.